सॅन फ्रान्सिस्को बे एरियात कुत्र्याला मोकळं कुठे सोडावं: पॉइंट इझाबेल, फोर्ट फन्स्टन, पल्गस रिज की मिशन पीक?

जागा ठरवण्याआधी जमीन कोणाच्या ताब्यात आहे ते बघा, कारण नियम त्यावरच ठरतात. कॅसल रॉक, माउंट डायब्लो, हेन्री को या स्टेट पार्कांच्या ट्रेलवर पाळीव कुत्र्यांना मनाई आहे. मुईर वुड्समध्येही तेच. कूपर्टिनो आणि लॉस अल्टोसची आपली मंडळी ज्या रँचो सॅन अँटोनियोला नेहमी जातात, तिथे तर लीश (गळपट्ट्याची दोरी) लावूनही कुत्रा नेता येत नाही. तासभर गाडी चालवून पाटीपाशी परत फिरण्यापेक्षा हे आधी माहीत असलेलं बरं.

दुसरा प्रश्न कुत्र्याचा. समोर खार पळत असताना हाक मारली तर तो मागे फिरतो का? घराच्या अंगणात ऐकतो, हे पुरेसं नाही. उत्तर ‘नाही’ असेल तर खालच्या चारपैकी तीन जागी लीश काढू नका.

पॉइंट इझाबेल (रिचमंड) पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी सर्वांत सोपी जागा. खाडीकाठी सुमारे 23 एकर, सपाट रस्ते, पार्किंग फुकट, आणि आवारातच कुत्र्यांना आंघोळ घालून देणारं दुकान. ते लागतंच, कारण ओहोटीला उघडा पडणारा काळा चिखल कुत्र्यांना फार आवडतो. शनिवार-रविवारी गर्दी इतकी की बुजऱ्या कुत्र्याला तिथे नेणं म्हणजे त्याचे हाल करणं. अशा कुत्र्याला मधल्या वारी सकाळी लवकर न्या. पिल्लाच्या लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे ते साधारण 16 आठवड्यांचं होईपर्यंत, तिथे जाऊ नये.

फोर्ट फन्स्टन (सॅन फ्रान्सिस्को) याहून कितीतरी देखणं. वाळूच्या टेकड्या, खाली समुद्र, वर हँग ग्लायडर. साउथ बे भाजून निघत असताना इथे धुकं आणि गार वारा असतो, म्हणून पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हाळ्यात हीच जागा मानवते. धोका एकच, पण मोठा: कडे सुमारे 200 फूट उंच आणि ठिसूळ आहेत. चेंडूमागे धावलेला कुत्रा कड्याच्या टोकाला थांबत नाही. कड्याजवळ चेंडू फेकू नका, तिथे लीश लावलेलीच ठेवा.

पल्गस रिज (सॅन कार्लोसजवळ) पेनिन्सुलावाल्यांना सोयीचं. ओक झाडांची सावली, आणि मधोमध लीश काढता येईल असा साडेसतरा एकरांचा भाग. त्याला कुंपण नाही, आणि तिथे पोहोचेपर्यंतच्या वाटेवर लीश सक्तीची. गर्दी कमी हवी असेल तर आमचा कौल इथेच.

मिशन पीक (फ्रीमाँट) घराजवळ आहे म्हणून अनेक जण तिथेच जातात, पण कुत्र्यासाठी चौघांत सर्वांत कठीण तीच. उंची 2,517 फूट. स्टॅनफर्ड अॅव्हेन्यूकडून जाऊन-येऊन सुमारे 6 मैल, दोन हजार फुटांहून जास्त चढ, सावली जवळपास नाहीच. वाटेत गाई चरतात. वासरू बरोबर असलेली गाय कुत्र्यावर धावून येते, तेव्हा लांबून वळसा घ्या. नोव्हेंबर ते मार्च हे महिने ठीक. जून ते सप्टेंबर नकोच, अगदी जायचं तर सकाळी दहाच्या आत खाली उतरलेले असा. 20 किलोच्या कुत्र्यासाठी किमान दीड लिटर पाणी न्या, दर वीस मिनिटांनी थोडं थोडं पाजा. जीभ लांब लोंबून रुंद झाली, चाल लटपटली, तर शिखराचा नाद सोडून सावली शोधा, पोटावर आणि पंजांवर पाणी ओता.

मे ते जुलै टेकड्यांवरचं गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. ती एकाच दिशेने आत सरकत जातात, आपोआप बाहेर येत नाहीत. परतल्यावर बोटांच्या बेचक्या, कान, काखा तपासा. अचानक शिंकांचा सपाटा लागला तर कुसळ नाकात गेलंय असं समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रॅटलस्नेक (इथला विषारी साप) चावला तर जखम कापू नका, आवळून बांधू नका. कुत्र्याला शक्यतो उचलून खाली आणा आणि निघतानाच इमर्जन्सी दवाखान्याला फोन करून अँटिव्हेनम (सापाच्या विषावरचं औषध) आहे का ते विचारा, कारण प्रत्येक ठिकाणी ते असतंच असं नाही.