घरभेट, थेरपी की गट? हिंसेतून बाहेर पडलेल्या आयांसाठी तीन पद्धती

नवऱ्याचा मार सोसून बाहेर पडलेल्या बाईला पुढे मूलच आवरेनासं होतं. ते हात उगारतं, कधी बापाचेच शब्द तिला ऐकवतं. अशा आयांसाठी काम सुरू करायचं असेल, तर अमेरिकेत तपासून पाहिलेल्या तीन पद्धती समोर आहेत.

माझा कल टेक्सासच्या 'प्रोजेक्ट सपोर्ट'कडे आहे. निवारागृहातून बाहेर पडणाऱ्या आया आणि त्यांची ४ ते ९ वर्षांची उद्दाम, मारकुटी मुलं यांच्यासाठी तो आखलेला. कार्यकर्ती दर आठवड्याला घरी येते, तासदीड तास बसते, आणि हे ८ महिन्यांपर्यंत चालतं. राहण्याची सोय, पैसे, कोर्टकचेरी यांतही ती मदत करते. नुसते पालकत्वाचे धडे देऊन निघून जात नाही. मग एकेक कौशल्य: आधी समजावायचं, करून दाखवायचं, नंतर आईने मुलाबरोबर करून बघायचं. 'दंगा करू नको' याऐवजी 'चेंडू टोपलीत ठेव'. आणि ठेवला की लगेच, नेमकं त्याचंच कौतुक. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ६६ कुटुंबांच्या अभ्यासात या मुलांचं वागणं नेहमीची मदत मिळालेल्या मुलांपेक्षा लवकर सुधारलं.

मूल ३ ते ५ वर्षांचं असेल, दचकत असेल, आईला सोडतच नसेल, तर सॅन फ्रान्सिस्कोची 'चाइल्ड-पेरेंट सायकोथेरपी' बघा. आई, मूल आणि थेरपिस्ट एकत्र बसतात. खेळता खेळता घडलेलं बोललं जातं. २००५ च्या अभ्यासात आई-मुलाच्या ७५ जोड्या होत्या. पण आठवड्याला एक बैठक, तीही वर्षभर, आणि तयार थेरपिस्ट हवाच. आपल्याकडे तालुक्याला असा माणूस कुठून आणणार?

मिशिगनची पद्धत गटाची: १० बैठका, आया एका खोलीत, मुलं दुसऱ्या खोलीत. खर्च कमी. मुलांसोबत आयांचाही गट घेतला तेव्हा मुलांना जास्त फायदा झाला.

बाई अजून सासरीच नांदत असेल तर घरभेट नकोच. कार्यकर्ती दारात आल्याचा राग नवरा नंतर त्या बाईवरच काढेल. तिला गटात बोलवा, तेही बाहेर पडायला सबब मिळेल अशा वेळी. माहेरी असेल तर घरभेट चालेल, पण आजी आणि मामा यांनाही सोबत बसवा. आई शांतपणे सांगतेय आणि मामा धपाटा घालतोय, तर ८ महिने वाया. हातात एकच कार्यकर्ती असेल तर गटापासून सुरुवात करा. मात्र मुलं सांभाळायला दुसरं कुणीतरी हवंच, नाहीतर गळती लागते.