डिस्कवालं प्लेस्टेशन घ्यावं की डिजिटल?

सोनीचं गेम खेळायचं यंत्र ‘प्लेस्टेशन ५’ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं, तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती आणि डिस्क घालायची सोय नसलेल्या डिजिटलची ३९,९९०. एप्रिल २०२४ मध्ये त्याची आटोपशीर आवृत्ती, स्लिम, आली, तेव्हाही दोन्हींतला फरक दहा हजारांचाच होता. घेणाऱ्याला ही बचत लगेच दिसते. मात्र डिजिटल मॉडेल घेतलं की पुढचे सगळे गेम सोनीच्याच ऑनलाइन दुकानातून घ्यावे लागतात. तिथे घासाघीस चालत नाही, आणि महाग वाटलं म्हणून शेजारच्या दुकानातही जाता येत नाही.

आधी पैशांचं बघू. सुरुवातीला सोनीचा मोठा नवा गेम ४,९९९ रुपयांना मिळत होता. डिस्क आणली, कथा संपवली आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत किंवा ओएलएक्सवर समजा ३,००० ला विकली, तर गेम दोन हजारांत पडला. असे चार गेम फिरवले की तेव्हाचे जास्तीचे दहा हजार वसूल! शिवाय मित्रांमध्ये एक डिस्क चार घरं फिरते, तो हिशेब वेगळाच. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही. घेतल्यावर आवडला नाही, तरी एकदा डाउनलोड सुरू झालं की सोनीकडून साधारणपणे पैसे परत मिळत नाहीत. गेम सदोष असेल तरच अपवाद. या बाबतीत पीसीवरच्या गेमचं ऑनलाइन दुकान स्टीम उदार आहे: १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत.

मात्र हा हिशेब नवा गेम नव्याच किमतीला घेणाऱ्यांचा. सेल लागेपर्यंत वर्षभर थांबायची तयारी असेल, तर डाउनलोड स्वस्त पडू शकतं, आणि डिस्क विकायला गिऱ्हाईक शोधत बसायची कटकटही वाचते. रोज एकच ऑनलाइन गेम खेळणाऱ्याला तर डिस्क म्हणजे उगाच उठबस. डिस्क काढून दुसरी घालायचा कंटाळा किती येतो, हे खेळणाऱ्यालाच विचारा.

इंटरनेटचा मुद्दा शहरातल्या लोकांच्या लक्षात येत नाही. मोठे गेम १०० जीबीच्या घरात जातात. घरात फायबर असेल तर रात्री लावून झोपायचं, सकाळी तयार. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवणाऱ्याने मात्र डिस्कच घ्यावी. अपडेट तिलाही लागतात, पण निदान मूळ गेम हातात असतो.

आता ‘डिस्क आपल्या मालकीची, ती कोण काढून घेणार?’ हा युक्तिवाद. तो निम्माच खरा आहे. युबिसॉफ्ट या कंपनीचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतींचा गेम २०१४ साली आला. त्याला सतत सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाला आणि डिस्कवाले, डाउनलोडवाले सगळे एकाच ओळीत आले: कुणालाच तो खेळता येईना. निन्टेन्डो कंपनीच्या स्विच २ या यंत्रावरच्या काही गेमच्या कार्डात तर गेमच नसतो. कार्ड घातलं तरी डाउनलोड करावंच लागतं. ते कार्ड दुसऱ्याला विकता येतं, एवढाच डिस्कचा गुण त्यात उरलाय.

एकट्याने खेळायच्या, कथेच्या गेमचं मात्र तसं नाही. तिथे डिस्क खरोखर उपयोगी पडते. निन्टेन्डोने २७ मार्च २०२३ ला ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या यंत्रांचं ऑनलाइन दुकान बंद केलं, मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०२४ ला आपल्या जुन्या एक्सबॉक्स ३६० चं. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवता येतात, पण त्या दुकानांतून नवीन खरेदी होत नाही. जुन्या डिस्क आणि कार्ट्रिज मात्र अजूनही हातोहात फिरतात. ‘जीटीए ४’ या गेममधली काही गाणी परवाना संपला म्हणून २०१८ मध्ये अपडेटमधून काढली गेली. जुन्या डिस्कवर ती आहेत, फक्त तो अपडेट घ्यायचा नाही.

पीसीवाल्यांना ही निवड फारशी उरलेलीच नाही; तिथे डिस्कचा जमाना संपला. स्टीमवर पैसे भरून मिळतो तो परवाना, आणि ते अकाउंट मृत्युपत्रातही कुणाच्या नावे करता येत नाही. गेम स्वतःकडे ठेवायचेच असतील तर जीओजी या ऑनलाइन दुकानातून घ्या. तिथली इन्स्टॉलरची फाइल हार्ड डिस्कवर उतरवून ठेवता येते आणि इंटरनेटशिवाय चालते.

माझं मत विचाराल तर कथेचे नवे गेम घेणाऱ्याने, आणि ज्याच्या मित्रांकडेही प्लेस्टेशन आहे त्याने, डोळे झाकून डिस्कवालं मॉडेल घ्यावं. ऑनलाइनच खेळणाऱ्याने किंवा सेलची वाट बघणाऱ्याने डिजिटल घेऊन वरचे पैसे वाचवावेत. अजूनही ठरत नसेल तर स्लिमचं डिजिटल मॉडेल बघा. त्याला डिस्क ड्राइव्ह नंतर विकत घेऊन जोडता येतो. गंमत म्हणजे, तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतंच.