काठावर कोणता लावावा: मोंटेझुमा सायप्रस की बाल्ड सायप्रस?

पाण्याकाठी मोठा सूचिपर्णी वृक्ष लावायचा म्हटलं की ही दोन भावंडं समोर येतात. दिसायला इतकी सारखी, की काही वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांना एकाच प्रजातीचे प्रकार मानतात. म्हणून पानांपेक्षा त्यांची मूळ घरं बघावीत.

मोंटेझुमा मुख्यतः मेक्सिकोचा. ग्वाटेमालात आणि टेक्ससच्या दक्षिण टोकालाही थोडा सापडतो. वाहत्या नदीचा, ओढ्याचा, झऱ्याचा काठ ही त्याची खरी जागा. मेक्सिकोत त्याला आहुएहुएते म्हणतात. नाहुआत्ल या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या या नावाचा अर्थ ‘पाण्यातला म्हातारा’ असा सांगतात. वाहाका राज्यातल्या सांता मारिया देल तुले गावात चर्चच्या आवारात एक उभा आहे. त्याची उंची साधारण 35 मीटर, आणि बुंध्याचा घेर 40 मीटरच्या वर! उंचीपेक्षा घेर मोठा. बुंध्याला इतक्या घड्या आहेत की अनेक झाडं एकत्र जुळली असावीत असं लोकांना वाटायचं. डीएनए तपासणीत मात्र ते एकच झाड निघालं.

बाल्ड सायप्रस अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दलदलींचा. साचलेल्या पाण्यात महिनोन्‌महिने उभा राहतो. बुंधा तळाशी फुगतो आणि मुळांतून सुळक्यांसारखे ‘गुडघे’ चिखलाच्या वर येतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्लॅक नदीकाठच्या एका झाडाचं वय किमान 2,624 वर्षं असल्याचं 2019 च्या अभ्यासात दिसलं.

निवडीत मी सर्वात जास्त वजन हिवाळ्याला देईन. बाल्ड सायप्रस कडाक्याची थंडी सोसतो. शरद ऋतूत तांबूस होतो आणि पानांसकट बारीक डहाळ्याच गाळतो. पिसासारखी एक उचलून पाहिली तर सगळी पानं तिला तशीच चिकटलेली असतात. मोंटेझुमाला गोठवणारी तीव्र थंडी मानवत नाही, पण सौम्य हवेत तो जवळजवळ सदाहरित राहतो. माती क्षारयुक्त किंवा चुनखडीची असेल तर मोंटेझुमाच घ्या, कारण तिथे बाल्ड सायप्रसची पानं पिवळी पडतात. काठाला पायवाट किंवा हिरवळ असेल तरीही माझा कौल मोंटेझुमाला, कारण त्याला गुडघे क्वचितच येतात. पाणी हलतच नसेल तर मात्र बाल्ड सायप्रसला तोड नाही.

लावताना दोघांचीही एकच अट: कोवळं रोप पाण्याखाली बुडून राहता कामा नये. दलदलीतसुद्धा बी रुजतं ते पाणी ओसरल्यावर, ओल्या चिखलात. तेव्हा पाणी उतरल्यावरच लावा, आणि रोप एवढं उंच घ्या की पुढच्या पुरात त्याचा शेंडा वर राहील.