मरीन टँकमधले बिनबुलाये पाहुणे: कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं?

खाऱ्या पाण्याच्या नव्या टँकमध्ये लाइव्ह रॉक, म्हणजे समुद्री जीव वसलेला दगड, टाकला की काही आठवड्यांतच काचेवर पांढरे ठिपके दिसायला लागतात. कपारीत तपकिरी फुलं उमलतात, रात्री टॉर्च मारला तर काचेवरून काहीतरी भुरूभुरू पळतं. हे सगळे दगडाला चिकटून किंवा त्याच्या भोकांत लपून आलेले असतात. त्यांना पाहून सगळ्यांना आधी औषधाची बाटली आठवते. माझं सांगणं एवढंच की ती आठवडाभर तरी उघडू नका. यातले बहुतेक जीव निरुपद्रवी असतात, कित्येक तर टँकची साफसफाई करतात. घाई करावी असे दोन-तीनच आहेत, पण ते नेमके निरुपद्रवी जीवांसारखे दिसतात. म्हणून सारख्या दिसणाऱ्यांना शेजारी शेजारी ठेवून बघू. त्यासाठी एक भिंग, एक पिपेट आणि लाल उजेडाचा टॉर्च पुरतो. पांढऱ्या झोतात रात्रीचे जीव लपतात, लाल उजेडात बिनधास्त फिरतात.

सगळ्यात महत्त्वाची जोडी तपकिरी फुलांची: आयप्टेशिया आणि हायड्रॉइड.

आयप्टेशिया हे छोटं समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी. अर्धपारदर्शक तपकिरी देठ, वर चपटी तबकडी, तिच्या मधोमध फटीसारखं तोंड आणि कडेने टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या लांब शुंडा, म्हणजे बोटांसारखे हलणारे अवयव. पिपेटचं टोक हलकेच लावलं की ते क्षणात भोकात गायब होतं. हायड्रॉइड त्याहून खूप बारीक असतो, बऱ्याचदा काही मिलिमीटरचाच. त्याला तशी रुंद तबकडी नसते. काही जातींत शुंडांच्या टोकाला गुंडी असते, आणि स्पर्श केला तरी तो आयप्टेशियासारखा झटकन नाहीसा होत नाही. भिंगातून बुंध्याशी बघा. एकेक फूल सुटं असेल तर आयप्टेशियाची शक्यता जास्त. बारीक धाग्यांनी दगडावर एकमेकांना जोडलेली वस्ती दिसली तर हायड्रॉइड समजा. काही हायड्रॉइड चिमुकले जेलीफिशही सोडतात. काचेला चिकटलेली, दोन-तीन मिलिमीटरची चांदणी अधूनमधून उडी मारताना दिसली तर ती हीच.

ही ओळख पटणं फार गरजेचं आहे, कारण दोघांवरचे उपाय वेगळे आहेत. नव्या टँकमधले हायड्रॉइड बहुतेक वेळा जास्त खाण्यावर माजतात. बारीक खाद्य कमी करा, पाणी बदला, म्हणजे ते हळूहळू ओसरतात. आयप्टेशिया आपोआप ओसरत नाही. त्याच्या तळव्याचा तुकडा दगडावर राहिला तरी त्यातून नवं फूल उभं राहतं. म्हणून चिमट्याने उपटणं किंवा ब्रशने घासणं हा सगळ्यात वाईट मार्ग. एकाचे दहा होतात.

मग काढायचं कसं? पाच-सात फुलं असतील तर मी चुन्याचाच मार्ग सुचवीन. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे भिजवलेला चुना, थोड्या पाण्यात दाट कालवा. पानपट्टीवरचा नको, त्यात काय मिसळलंय याचा भरवसा नसतो. पंप बंद करून तो लगदा सिरिंजने फुलाच्या तोंडावर सोडा. फूल तो गिळतं आणि मरतं. चुन्याने पाण्याचा पीएच चढतो, म्हणून एका बैठकीत दोन-चारच.

फुलं सगळीकडे पसरली असतील तर जिवंत मदत घ्यावी लागते. पेपरमिंट कोळंबी स्वस्त आणि काटक असते, पण खाईलच याची खात्री नाही, आणि मोठ्या फुलांना ती बऱ्याचदा टाळते. शिवाय तिच्यासारखीच दिसणारी कॅमल कोळंबी प्रवाळ कुरतडते. पेपरमिंट अर्धपारदर्शक असून अंगावर बारीक लाल रेघा असतात. कॅमलचा लाल रंग ठसठशीत, त्यावर पांढऱ्या रेघा नि ठिपके आणि पाठीला कुबड. विकत घेण्याआधी पाठ नीट बघा. बर्गिया ही छोटी समुद्री गोगलगाय आयप्टेशियाशिवाय दुसरं काही खात नाही, म्हणून ती सर्वांत निर्धोक. पण काम सावकाश चालतं, टँकमधले रास (wrasse) जातीचे मासे आणि कोळंब्या तिलाच खातात, आणि फुलं संपली की ती उपाशी मरते. कॉपरबँड बटरफ्लाय मासा देखणा खरा, पण त्याला मोठा टँक लागतो आणि तो खाण्यापिण्याचा फार चोखंदळ. फक्त आयप्टेशियासाठी त्याला आणू नये.

इथे एक फरक लक्षात घ्या. आयप्टेशियाचा डंख मुख्यतः प्रवाळांना आणि इतर समुद्रफुलांना बाधतो. भारतात दगडी सांगाडा बांधणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, त्यामुळे इथला घरचा टँक माशांचाच असावा. अशा टँकमध्ये चार आयप्टेशिया दिसले तर झोप उडवण्याचं कारण नाही. परदेशात प्रवाळांचा टँक सांभाळणाऱ्यांनी मात्र पहिल्या फुलालाच हात घालावा.

दुसरी जोडी पांढऱ्या नळ्यांची. एक ते तीन मिलिमीटरची, काचेला सपाट चिकटलेली, गोगलगाईसारखी गुंडाळलेली नळी म्हणजे स्पायरॉर्बिड कृमी. ते पाणी गाळून खातात, कुणाला त्रास देत नाहीत. तसेच राहू द्या. नळीचं तोंड पृष्ठभागापासून वर उठलेलं असेल आणि खाणं टाकल्यावर त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे पसरत असतील, तर ती व्हर्मेटिड गोगलगाय. हे धागे प्रवाळावर पडले की त्याची वाढ खुंटते. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरच्या संशोधकांनी हे खुल्या समुद्रातही पाहिलं आहे. नळीच्या तोंडावर सुपरग्लू जेलचा थेंब लावून ते बंद करा. नळी धारदार असते, हाताने मोडू नका.

पळणाऱ्या धुळीचं कोडं लवकर सुटतं. बारीक ठिपके टुणटुण उड्या मारत असतील तर ते कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या नात्यातले सूक्ष्म जीव, माशांचं उत्तम खाद्य. मँडरिन मासा तर मुख्यतः त्यांच्यावरच जगतो. उडी न मारता कागदाच्या कपट्यासारखं सपाट सरकत असेल तर चपटा कृमी. पारदर्शक असेल तर सोडा. गंजासारखा तांबडा, शेपटीला तीन टोकं आणि उजेडात घोळका करणारा असेल तर नळीने ओढून काढायला लागा. औषधाने हे एकदम मेले तर त्यांचं विष पाण्यात उतरतं. आधी जमतील तेवढे ओढून काढावेत, ॲक्टिव्हेटेड कार्बन (विष शोषणारा कोळसा) आणि बदलायचं पाणी तयार ठेवावं, मगच औषधाचं नाव काढावं.

बाकीचे थोडक्यात. केसाळ ब्रिसल कृमी कुजकं अन्न खाऊन टँक स्वच्छ ठेवतात. फक्त उघड्या हाताने धरू नका, केस बोटात रुततात. अननसासारखा पांढरा, टोकाला केसांचा झुपका असलेला छोटा स्पंज निरुपद्रवी. नखाएवढे ॲस्टेरिना तारामासे बहुधा शेवाळ चरतात. एखादा प्रवाळावर बसून ती जागा पांढरी करताना दिसला तर तेवढाच उचलावा.

काढलेला कुठलाही जीव खाडीत किंवा समुद्रात सोडू नका, कारण तो कुठल्या समुद्रातला आहे हे सांगता येत नाही. आणि दगडच रिकामा करून टाकावा असं वाटलं तर तो उकळू नका. दगडावर झोअँथिडची, म्हणजे समुद्रफुलांच्या नात्यातल्या चिकटून वाढणाऱ्या जीवांची, गादी असू शकते. हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला दिसते तीच. तिच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. असा दगड उकळल्यामुळे वाफेतून विषबाधा होऊन घरातली माणसं इस्पितळात गेल्याच्या नोंदी आहेत. हातमोजे आणि गॉगल घाला, दगड ओलाच हाताळा, आणि हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्या कुणाला सांगा.