हिमालयनला रस्त्याचे टायर: नऊ महिन्यांनंतर

दुकानात शिरलो तेव्हा डोळ्यापुढे वेगळेच टायर होते. मोठाल्या चौकोनी रबरी गुट्ट्यांचे, नुसतं बघूनच गाडी काल लडाखहून आली असं वाटावं असे. हात लावून बघत होतो, तेवढ्यात सोबत आलेली बायको म्हणाली, "अहो, पण तुम्ही रोज सिन्नरलाच जाता ना?"

यावर बोलायला काही उरलंच नाही. नाशिकचं इंदिरानगर ते सिन्नर एमआयडीसी, मोहदरी घाटातून, आठवड्यातले चार दिवस. जाऊन-येऊन ६५ किलोमीटर. एखाद्या रविवारी वणीवरून सापुतारा, नाहीतर पेठ रस्त्यानं कोटंबी घाट. कच्ची वाट म्हणाल तर दिंडोरीकडे आत्याच्या मळ्यात जाणारी, तीही दीड किलोमीटर. एवढ्यासाठी उरलेलं वर्षभर गुट्ट्यांची घरघर ऐकायची?

गाडी म्हणजे रॉयल एन्फील्डची मोटारसायकल, हिमालयन ४११. टायरचं माप पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७: आधी रुंदी मिलिमीटरमध्ये, मग उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटी रिम इंचात. जुना मागचा टायर १७ हजार किलोमीटरवर मधोमध सपाट झाला होता. पुणे रोडवर सरळ चालणाऱ्या गाडीचा तो होतोच. झिजल्याचं दिसायच्या आधी वळणावर जाणवतं: गाडी झुकवायला गेलं की आधी नाही म्हणते, आणि मग सपाट भागाची कड ओलांडली की एकदम कलंडते. घाट उतरताना हे दोनदा झालं आणि टायरचं बजेट काढलं.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका सेटवरून कुणाला शाबासकी द्यायची किंवा झोडपायचं, दोन्ही बरोबर नाही. बघितलं काय ते सांगतो. घेतलेल्या रस्त्याच्या टायरचा मधला पट्टा जवळजवळ सलग, खाचा कडेकडे रुंद होत गेलेल्या. गुट्ट्यांच्या टायरचं रबर कमी टेकतं, आणि ब्रेक दाबला की प्रत्येक गुट्टा जरासा वाकतो. मातीत तोच गुट्टा रुततो, पकड देतो. डांबरावर तो नुसता तापतो आणि एका कडेनं झिजतो. आवाज येतो तो त्याचाच.

दुसरं म्हणजे बाजूवर छापलेले आकडे. मागच्या टायरला भाराचा आकडा ६४, म्हणजे २८० किलो. गाडीच १९९ किलोची, वर आम्ही दोघं आणि आत्याकडून येताना द्राक्षांची पेटी, त्यामुळे यात तडजोड नको. आणि तारीख: चार आकडी शिक्का, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. मला आधी काढून दिलेला टायर दोन वर्षं रॅकवरच पडून होता. तारीख विचारली तेव्हा पोऱ्या मुकाट्यानं माळ्यावरून दुसरा घेऊन आला.

मागे १३०/८०-१७ टाका, गाडी भरीव दिसते, असा आग्रह झाला. दिसते खरी. पण हिशेब केला तर त्या टायरचा व्यास मूळच्यापेक्षा सुमारे ८ मिलिमीटरनं कमी भरतो. म्हणजे मागची बाजू खाली बसते आणि रुंदी वाढल्यानं गाडी झुकायला आळशी होते. नको म्हटलं.

बसवताना घोळ झालाच. घरी येऊन पाणी पिता पिता सहज चाकाकडे बघितलं, तर पुढच्या टायरवरचा, फिरायची दिशा दाखवणारा बाण उलटा. परत गेलो, "भाऊ, एवढ्यानं काय होतंय" ऐकलं, आणि समोर उभा राहून उलटून घेतला. पाण्याला वाट द्यायच्या खाचा उलट्या धावल्या तर पावसात काय होतं, ते मोहदरी घाटात शिकायचं नव्हतं. तारांचं चाक असल्यानं टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी आत ट्यूब लागतेच. ती नवीनच घाला, जुन्या ट्यूबला पडलेली घडी पुढे फाटते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बसवले. नवीन टायरवर साच्याचा गुळगुळीतपणा असतो, म्हणून पहिले २०० किलोमीटर म्हाताऱ्यासारखी चालवली. मग पाऊस लागला.

खरा फरक पावसात कळला. पूर्वी घाट उतरताना समोर ट्रक दिसला की खांदे आपोआप आखडायचे. आता ब्रेक दाबला की गाडी सरळ रेषेत, काही न बोलता हळू होते. कोटंबी घाटात धुकं आणि रिपरिप असताना पुढचं चाक एकदाही घसरलं नाही. पांढऱ्या पट्ट्या मात्र पट्ट्याच. त्यांच्यावर पाय टाकतानाही घसरतो, टायर कुठून धरणार? आणि कांदा. ट्रॉलीतून पडलेला, चाकाखाली चिरडलेला, वरून पाऊस: सिन्नर फाट्याच्या अलीकडे मागचं चाक वीतभर सरकलं. त्याला जगातला कुठला टायर आवरेल असं मला वाटत नाही.

आता रडगाणं. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी चालू होती, अवकाळी पाऊस होऊन गेला होता आणि मी शहाणपणानं मळ्याच्या वाटेवर गाडी घातली. काळी माती. पहिल्या पन्नास पावलांत खाचा भरल्या, टायर डोनटसारखा गुळगुळीत झाला. मग माती पुढच्या खालच्या मडगार्डमध्ये ठासून बसली आणि चाक फिरायचंच बंद झालं. तुरीच्या काडीनं माती खरवडत बसलो होतो. आतेभाऊ ट्रॅक्टर घेऊन आला, वरूनच म्हणाला, "दादा, डोंगरातली गाडी ना ही? आपल्या बांधावरच बसली?" गुट्ट्यांचे टायर असते तर शंभर पावलं आणखी गेलो असतो. त्यापुढे तेही भरले असते, ती माती कुणाला सोडत नाही. पण ती शंभर पावलं त्यांचीच. कोरड्या मुरमावर आणि खडीवर मात्र काही अडलं नाही. थोडं उभं राहून, हँडल सैल धरून चालवलं की झालं.

आजवर ११,४०० किलोमीटर झाले. मागची खाच नवीन असताना ८ मिलिमीटर होती, आता साडेचार. खाचेतल्या झीज दाखवणाऱ्या उंचवट्यापर्यंत अजून बराच पल्ला आहे. पुढचा टायर जवळजवळ तसाच. सरासरी लिटरला २९ किलोमीटरवरून ३१ वर आली, अर्थात त्यात माझ्या मुठीचाही हात असेल. हवा पुढे २५ पीएसआय, मागे ३२, बायको मागे असली की दोन-तीन जास्त, आणि तपासायची सकाळी, गाडी गार असताना. पंपावर सिन्नरहून तापून आल्यावर बघाल तर आकडा फुगलेलाच दिसेल, आणि तुम्ही हवा उगाच काढाल.

पंक्चर एकच, अंबड लिंक रोडवर, खिळा. ट्यूब असल्यानं हवा बसली ती एकदम. सेंटर स्टँडवर घेऊन चाक काढण्यात आणि बसवण्यात पाऊण तास गेला. तेव्हापासून डिकीत एक पुढच्या चाकाची, २१ इंची ट्यूब ठेवतो. नड असली की ती मागच्या चाकातही दुमडून बसते, घरापर्यंत पोचवते.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत मागचा टायर हाच राहील, आणि संपला की परत असाच घेईन. मळ्याचं म्हणाल तर पाऊस पडलेला असला की गाडी फाट्यावर लावतो आणि आतेभावाला फोन करतो. तो येतो न्यायला. ट्रॅक्टर घेऊनच.