मंडळाची वर्षाची फी की कार्यक्रमागणिक वर्गणी?

सभासद करून वर्षाची फी घ्यावी, की पोळा, गणपती, ग्रामजयंती (30 एप्रिल, तुकडोजी महाराजांची जयंती) आली की पावतीपुस्तक घेऊन घरोघरी फिरावं? वस्तीच्या मंडळात यावरून सध्या दोन तट आहेत.

आधी हातात पैसा केव्हा असतो ते पाहा. तान्हा पोळा (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा सण) आणि गणपती लागोपाठ येतात, तेव्हा कापूस-सोयाबीन वावरात उभं असतं आणि खतं, फवारणीत घर रिकामं झालेलं असतं. अशा वेळी वर्गणी देणारा संकोचतो, मागणाराही अवघडतो. सोयाबीन विकल्यावर, दिवाळीच्या आसपास घेतलेली फी शेतकऱ्याला सोपी जाते. मजुराचं गणित वेगळं. त्याला एकदम मोठी रक्कम जड, म्हणून हप्ते हवेतच.

हिशेबाला फीच सरस. सभासदांची यादी असली की मत कोणाचं, खर्च विचारायचा हक्क कोणाचा, हे भांडणाआधीच ठरतं. मात्र संस्था नोंदवायची तर किमान 7 सभासद, नियमावली आणि दरवर्षीची कागदपत्रं आली. लिहिणारं कोणी नसेल तर ते ओझंच.

वर्गणीचं बळ एवढंच, पण मोठं: दार प्रत्येकाचं वाजतं. फी न भरलेल्या म्हातारीला 30 एप्रिलच्या पंगतीत परकं वाटू नये, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

वर्षाला एकदोनच कार्यक्रम असतील तर वर्गणी ठेवा. वाचनालय, भजनाचं साहित्य, स्वयंपाकाची मोठी भांडी सांभाळायची असतील तर फी घ्या. पंगतीत मात्र सभासद कोण ते विचारू नका.