मोजमापाचा स्टील संच: कपावर २५०, कृतीत २४०

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानांत हा आठ नगांचा संच मिळतो: चार कप, चार चमचे. पत्रा जाड, आकडे कोरलेले. प्लास्टिकवरचे छापील आकडे घासून घासून पुसट होतात, ती भीती इथे नाही.

घेताना मोठ्या कपाची मूठ वाचा. तिच्यावर २५० मिली आहे, म्हणजे हा मेट्रिक कप. अमेरिकन कप २३६.६ मिलीचा, व्यवहारात २४० धरतात. जुन्या ब्रिटिश कृतींतला कप अर्ध्या पिंटाचा, २८४ मिली. राइस कुकरसोबतचा कप १८०चा, तो केकला चालत नाही.

मैदा, साखर, दूध सगळं एकाच कपाने घेतलं तर २४०-२५०च्या फरकाने काही बिघडत नाही, केक किंचित मोठा होतो. पण अंडी नगावर आणि लोणी पाकिटातलं १०० ग्रॅम घेतलं, की प्रमाण हलतं. मग भरलेल्या कपातून ५ मिलीचे दोन छोटे चमचे काढून टाका, बरोबर २४० उरतात. मोठा चमचा १५ मिलीचा आहे. ऑस्ट्रेलियातला २० मिलीचा असतो, तिकडची कृती करताना वर एक छोटा चमचा घाला.

माप तपासायला डिजिटल काट्यावर कप ठेवून शून्य करा आणि पाणी भरा. २५० मिली पाणी साधारण २४९ ग्रॅम भरतं. पाणी काठावर फुगून उभं राहतं आणि आकडा चढतो, तेव्हा पातळी काठाशी सपाट दिसेल एवढंच भरा. एकाच चमच्याचं पाणी तोलू नका, एवढं हलकं वजन घरच्या काट्याला नीट कळत नाही. दहा चमचे ओतून दहाने भागा.

कप चोख निघाले. पाव चमचा मात्र उथळ आहे: दहा वेळा ओतून साडेबाराऐवजी दहाच ग्रॅम. खाण्याचा सोडा नेमका त्यानेच मोजतात, म्हणून हा दोष मला मोठा वाटतो. शिवाय मूठ जड असल्याने पाव कप रिकामा ठेवला की कलंडतो.

मैद्यासाठी मात्र कुठलाच कप भरवशाचा नाही. डब्यात बुडवून भरला तर दीडशे ग्रॅमपर्यंत जातो, चमच्याने हलका भरून सुरी फिरवली तर सव्वाशेच्या आसपास. कपांमधल्या चार टक्क्यांपेक्षा ही तफावत कितीतरी मोठी आहे. मैदा काट्यावरच घ्या, हा संच दूध, तेल आणि साखरेसाठी ठेवा.